उतार आधी मोजा, बर्फाचं नंतर बघू

माझ्या सॅकच्या वरच्या कप्प्यात एक छोटी वही असते. तिच्यात दोनच रकाने आहेत: ‘डोळा’ आणि ‘काठी’. उतार किती अंशांचा वाटतोय ते आधी डावीकडे लिहायचं, मग मोजायचं आणि खरा आकडा उजवीकडे मांडायचा. पहिलीच नोंद आहे: डोळा २७, काठी ३४.

बर्फ पडून तिसरा दिवस होता तो. आकाश स्वच्छ, वारा पडलेला, हिमस्खलनाच्या रोजच्या बुलेटिनमध्ये धोक्याची पातळी पाचापैकी ३. ३० अंशांच्या वर जायचं नाही, असं आम्ही चौघांनी आदल्या रात्रीच ठरवलं होतं. दुपारी एका वाटीसारख्या उताराच्या काठावर पोचलो तेव्हा आमच्यातला सगळ्यात धाकटा म्हणाला, “ताई, सात-आठ वळणांचाच तर आहे. आणि एवढा उभा कुठे दिसतोय?” मलाही दिसत नव्हता. ‘चल’ म्हणणारच होते, पण स्कीच्या काठ्या हातातच होत्या, म्हणून मोजून टाकलं. ३४. त्याने स्वतः मोजलं, तरी ३४. तोंड पाडून धारेवरून परत फिरलो. दहा मिनिटांनी, अगदी सपाट पट्ट्यावर, पायाखालून ‘घुम्म’ असा आवाज आला. बर्फ बोटभर खाली बसला आणि माझ्या स्कीच्या टोकापासून एक बारीक चीर सरसर पुढे पळाली. परतीच्या वाटेवर वळणांचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

स्कीच्या ठरलेल्या पट्ट्यांबाहेर, स्वतः चढून स्वतः उतरणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. हिमस्खलनावर कुणी बोलायला लागलं की गाडी लगेच बर्फाच्या थरांवर, दाण्यांवर, चाचण्यांवर जाते. मी कोनापासून सुरुवात करते. बर्फाने मला अनेकदा फसवलंय, मोजलेल्या कोनाने अजून एकदाही नाही.

पायाखालची स्लॅब

हिमस्खलन म्हटलं की वरून कोसळणारा पांढरा ढग डोळ्यांसमोर येतो. स्कीवाल्यांचा जीव घेणारं हिमस्खलन सहसा तसं नसतं. ते आपल्या पायाखालूनच सुटतं. अपघातांपैकी सुमारे ९० टक्क्यांमध्ये ते सापडलेल्या माणसाने किंवा त्याच्याच सोबत्याने सुरू केलेलं असतं. म्हणजे टाळणंही बहुतांशी आपल्याच हातात असतं.

त्यासाठी चार गोष्टी एकत्र याव्या लागतात. वर घट्ट जुळलेल्या बर्फाचा थर, ज्याला सगळे स्लॅबच म्हणतात. त्याच्या खाली कमकुवत थर. पुरेसा उभा उतार. आणि कुणाचं तरी वजन. घराच्या स्लॅबखालचे टेकू काढून घेतल्यावर काय होईल? तसंच हे. कमकुवत थर एका जागी मोडला (तोच तो ‘घुम्म’) की मोड बाजूला पसरत जातो. अख्खी स्लॅब एकदम सुटते आणि आपण तिच्या मधोमध उभे असतो.

हा कमकुवत थर बर्फातच तयार होतो. जमिनीलगतचा बर्फ साधारण शून्य अंशाला असतो आणि निरभ्र रात्री पृष्ठभाग उणे २० पर्यंत उतरू शकतो. बर्फ पातळ असेल तर हा फरक थोड्याच उंचीत मावतो. दर १० सेंटिमीटरला तापमान एक अंशाहून जास्त बदलायला लागलं की वाफ खालून वर सरकते आणि बर्फाचे कण टोकदार, साखरेसारखे सुटे होतात. मूठ आवळली तरी गोळा होत नाही. दुसरा प्रकार दिसायला फार देखणा असतो: थंड, शांत रात्री पृष्ठभागावर उगवलेली पिसांसारखी हिमकळी. उन्हात ती चमकते आणि स्कीखाली किणकिणते. तिच्यावर नवा बर्फ पडला की मात्र तीच पिसं आठवडेच्या आठवडे गाडलेला सापळा होऊन बसतात. सावलीच्या उतारांवर हे थर जास्त दिवस टिकतात, म्हणजे उत्तर गोलार्धात उत्तरेकडे तोंड असलेल्या आणि दक्षिण गोलार्धात दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारांवर.

हे सगळं डोळ्यांआड असतं. कोन मात्र समोर असतो. स्लॅब सुटते ती मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर, त्यातही ३५ ते ४० मध्ये सगळ्यात जास्त. ३० च्या खाली ती क्वचितच सुटते. फार उभ्या उतारावर बर्फ साठतच नाही, आपोआप झडत राहतो. आणि स्कीला खरी मजा कुठे येते? त्याच ३० ते ४५ मध्ये.

काठीने मोजायची रीत

मोबाइलमधलं कोनमापक चालतं. काठी उताराच्या रोखाने बर्फावर आडवी ठेवून तिच्यावर फोन ठेवायचा. पण थंडीत बॅटरी मान टाकते, हातमोजे काढावे लागतात, आणि बीकनजवळ (अंगावर बांधायचं छोटं रेडिओ-यंत्र, एरवी सिग्नल सोडतं आणि शोधताना गाडलेल्याचा सिग्नल पकडतं) फोन हाताळणं मला आवडत नाही. दोन सारख्या लांबीच्या काठ्यांनी काम भागतं.

एक काठी उताराच्या रोखाने, म्हणजे चेंडू सोडला तर ज्या वाटेने घरंगळेल त्या वाटेवर, बर्फात हलकी दाबा आणि ठसा उमटवा. ठशाला वरचं एक टोक आणि खालचं एक टोक मिळालं. आता त्याच काठीचं अणकुचीदार टोक ठशाच्या वरच्या टोकावर टेकवा आणि मूठ हवेत उचला. दुसऱ्या काठीची मूठ पहिलीच्या मुठीला जुळवून धरा आणि दुसरी काठी लंबकासारखी सरळ खाली लोंबू द्या. तिचं टोक बर्फाला टेकेपर्यंत जुळलेल्या मुठी हळूहळू खाली आणा. ते बरोबर ठशाच्या खालच्या टोकावर टेकलं तर उतार ३० अंशांचा. त्याच्याही खाली टेकलं तर उतार जास्त, वर टेकलं तर कमी. काठी १२० सेंटिमीटरच्या आसपास असेल तर खालच्या दर १० सेंटिमीटरला साधारण ३ अंश वाढवा. शाळेतला समभुज त्रिकोण, दुसरं काही नाही. सरावाने वीस सेकंद लागतात.

मोजायचं अर्थात सुरक्षित जागेवरून, त्याच उताराच्या छोट्या, निरुपद्रवी तुकड्यावर. मधोमध जाऊन मोजण्यात काय हशील?

नकाशावरचे उताराचे रंग आदल्या रात्री बघायचेच, पण त्यांच्यावर विसंबू नका. समोच्च रेषांमधलं अंतर २० मीटर असेल तर दहा-बारा मीटरचा उभा टप्पा त्यांच्यामधून सहज निसटतो, आणि तेवढा टप्पा माणूस गाडायला पुरतो. दुसरं, फक्त पायाखालचा उतार मोजून भागत नाही. तुम्ही २० अंशांवर चालत असाल आणि डोक्यावर ३८ अंशांचा उतार असेल, तर तुम्ही ३८ च्याच हद्दीत आहात. मोडलेला थर लांबूनही वरची स्लॅब सोडवू शकतो, आणि सुटलेला बर्फ सपाटीवर बराच पुढे येतो.

बुलेटिन कसं वाचायचं

धोक्याच्या पाच पातळ्या युरोपात १९९३ साली एकसारख्या केल्या गेल्या: १ कमी, २ मध्यम, ३ लक्षणीय, ४ मोठा, ५ अतिमोठा. ही शिडी सारख्या पायऱ्यांची नाही. प्रत्येक पायरीला धोका कितीतरी पटींनी चढतो. पाचातली तीन म्हणजे मधली, म्हणजे ठीकच, असं मन म्हणतं. ४ आणि ५ ला बहुतेक जण घरी बसतात. ३ ला हवा छान असते, बर्फ नवा असतो आणि माणसं बाहेर पडतात. सगळ्यात जास्त बळी याच पातळीवर जातात, त्यात नवल नाही.

आकडा वाचून थांबू नका. कोणत्या दिशेच्या उतारांवर, किती उंचीच्या वर, आणि त्रास नेमका कशाचा, हे आकड्याइतकंच महत्त्वाचं. नवा बर्फ, वाऱ्याने साठलेला बर्फ, जुना कमकुवत थर, ओला बर्फ की जमिनीवरून सरकणारा अख्खा थर, प्रत्येकाशी वागायची रीत वेगळी. वाऱ्याने साठलेला बर्फ पुष्कळदा दिसतो आणि वळसा घालून टाळता येतो. जुना थर दिसतही नाही आणि एका दिवसात बरा होतही नाही. बुलेटिनमध्ये त्याचं नाव असेल तर मी वाद घालत नाही, त्या दिवशी ३० च्या खालीच.

वेर्नर मुंटर या स्विस पर्वत-मार्गदर्शकाने १९९० च्या दशकात एक साधा हिशेब मांडला. मी अजून तोच वापरते. पातळी २ ला ४० अंशांच्या खाली राहा आणि मोजताना आपल्या वाटेच्या आजूबाजूचा भाग धरा. पातळी ३ ला ३५ च्या खाली आणि अख्खा उतार धरा. पातळी ४ ला ३० च्या खाली, आणि बर्फ जिथवर वाहत येईल तो खालचा भागही हिशेबात घ्या. काही जाणकारांना हा हिशेब ढोबळ वाटतो. आहेच तो ढोबळ. दमलेल्या, गारठलेल्या डोक्याला ढोबळच झेपतं. आम्ही तर त्यातूनही पाच अंश वजा करतो, म्हणून त्या दिवशी पातळी ३ ला आमची मर्यादा ३० होती.

डोंगर काय सांगतो

प्रत्यक्ष गेल्यावर या खुणा शोधा: आसपास नुकतीच सुटलेली हिमस्खलनं, तो ‘घुम्म’ आवाज, स्कीपासून पळणाऱ्या चिरा. यातली एक जरी दिसली तरी त्या दिशेच्या उभ्या उतारांवर त्या दिवशी फुली. शिवाय २४ तासांत ३० सेंटिमीटरच्या आसपास नवा बर्फ, अचानक वाढलेली ऊब, किंवा बर्फावर पडलेला पाऊस. पावसाइतकं वाईट दुसरं काही नाही.

वाऱ्याला लोक हलक्यात घेतात. आकाशातून पडणाऱ्या बर्फापेक्षा दहापट वेगाने वारा तो एका जागी आणून रचू शकतो. धारेवर एका बाजूला बर्फ खरवडून काढलेला आणि दुसऱ्या बाजूला बर्फाचा छज्जा लोंबतोय, असं दिसलं की छज्ज्याखालचा उतार म्हणजे नुकतीच भरलेली स्लॅब समजायची. पायाखाली ती पोकळ, ढोलासारखी वाजते. धारेवरून चालताना छज्ज्यापासून वाटतं त्यापेक्षा बरंच आत राहा. तो मोडतो तेव्हा कडेलाच मोडेल असं नसतं.

वसंतात गणित घड्याळावर येतं. रात्री पक्का गोठलेला बर्फ सकाळी सुरक्षित आणि दुपारी लापशीसारखा. बूट घोट्यापर्यंत रुतायला लागला की तुम्हाला आधीच उशीर झालाय.

खड्डा खणून चाचणी करायची का? करा, शिकायला उत्तम. ३० बाय ३० सेंटिमीटरचा बर्फाचा खांब मोकळा करायचा, वर फावडं ठेवायचं आणि मनगटातून दहा, कोपरातून दहा, खांद्यातून दहा थापा मारून थर कधी मोडतो ते बघायचं. ९० सेंटिमीटर रुंद खांबाची दुसरी चाचणी जास्त कामाची, कारण मोड बाजूला पसरतो की नाही हे तिच्यात दिसतं. पण वीस पावलांवर उत्तर बदलू शकतं. म्हणून माझा नियम एकतर्फी आहे: खड्ड्याने ‘नको’ म्हटलं तर ऐकायचं. ‘हो’ म्हटलं म्हणून ठरलेला कोन वाढवायचा नाही.

उतरताना

एका वेळी एकच जण. बाकीचे सुरक्षित जागी, त्याच्यावर नजर ठेवून. उतरणाऱ्याने थांबायचं तेही सुरक्षित जागी, उताराच्या पायथ्याशी नाही. जिथे पोट फुगल्यासारखा फुगवटा असतो तिथे स्लॅब ताणलेली असते, तो टाळा. खाली काय आहे ते आधी बघा: अरुंद घळ असेल तर थोडा बर्फही खोल साठतो, झाडं किंवा कडा असेल तर गाडलं जाण्याआधीच मार बसतो. हिमस्खलनात माणसं गुदमरून जातात तशी आपटूनही जातात, आणि त्यावर बीकनचा इलाज नाही.

सुटलंच तर ओरडा, वेग असेल तर तिरकं बाजूला निघायचा प्रयत्न करा, एअरबॅग (सॅकमधली, ओढली की फुगणारी पिशवी) असेल तर ओढा. थांबायच्या आधी हात तोंडासमोर आणा. थांबल्यावर बोटही हलत नाही. एअरबॅगबद्दल एवढंच: गंभीर हिमस्खलनांत फुगलेल्या एअरबॅगने मृत्यूचं प्रमाण सुमारे २२ वरून ११ टक्क्यांवर येतं, असं एका मोठ्या अभ्यासात दिसलं. घ्या, पण तिच्या भरवशावर उतार निवडू नका.

दहा मिनिटं

पूर्ण गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत बाहेर आला तर दहातले नऊ जगतात. अर्ध्या तासाने जेमतेम तीन. बचाव पथक कितीही चांगलं असलं तरी दहा मिनिटांत येत नाही. जे करायचं ते तिथे असलेल्यांनीच. म्हणून प्रत्येकाच्या अंगावर बीकन आणि प्रत्येकाच्या सॅकमध्ये प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब घडीची काठी) व धातूचं फावडं. तिघांमध्ये एक फावडं असून चालत नाही, कारण ज्याच्याकडे फावडं आहे तोच गाडला गेला तर?

बीकन ४५७ किलोहर्ट्झवर चालतं, सगळ्या कंपन्यांचं. ते बाहेरच्या जाकिटाच्या आत, पट्ट्याने अंगाला बांधलेलं हवं. प्रक्षेपण चालू असताना फोन आणि इतर विजेची उपकरणं त्यापासून किमान २० सेंटिमीटर, शोधताना किमान ५० सेंटिमीटर लांब. बॅटरीवर चालणारे गरम हातमोजेही गोंधळ घालतात. निघताना एकाने पुढे उभं राहून प्रत्येकाचं बीकन तपासायचं, रोज, न लाजता.

प्रसंग आला तर: वरून आणखी काही सुटणार नाही ना, हे आधी बघा. शेवटचं कुठे दिसलं ती जागा डोळ्यात धरा. एकाने सूत्रं हातात घ्यायची आणि मोठ्याने विचारायचं, “सगळ्यांची बीकन शोधावर?” एकाचं जरी प्रक्षेपणावर राहिलं तरी बाकीचे त्याच्याच मागे धावत बसतात. माणसं पुरेशी असतील तर एकजण लगेच मदतीला फोन लावेल. एकटेच उरला असाल आणि रेंज नसेल तर मदत आणायला जाऊ नका, शोधा.

सिग्नल मिळेपर्यंत ४० मीटरच्या पट्ट्यांत खाली या, बर्फावर काठी, हातमोजा, काही दिसतंय का बघत. सिग्नल मिळाला की बीकनवरच्या बाणामागे जा. वाट वाकडी असेल, असू द्या. बीकनवरचा अंतराचा आकडा ३ मीटरच्या खाली आला की वेग एकदम कमी करा, बीकन बर्फाला टेकवा, फिरवू नका. पुढे-मागे, मग डावी-उजवीकडे नेऊन सगळ्यात लहान आकड्याची जागा शोधा. तिथून प्रोब, उताराला काटकोनात, २५ सेंटिमीटरच्या अंतराने गोल गोल बाहेर. माणूस लागला की टोकाला किंचित मऊ, उसळता प्रतिसाद मिळतो. तो प्रोब काढायचा नाही, तिथेच ठेवायचा.

आणि मग फावडं. सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि सगळ्यात कमी सराव याचाच होतो. थांबलेला बर्फ घनमीटरला सहज ३००-४०० किलो भरतो आणि घट्ट बसलेला असतो. प्रोबवर सरळ खाली खणू नका. जितकी खोली, त्याच्या दीडपट अंतर उताराच्या खालच्या बाजूला सरका आणि तिथून आडवं आत शिरा. पुढच्याने ठोकळे तोडायचे, मागच्यांनी इंग्रजी व्हीच्या आकारात उभं राहून ते वल्हं मारल्यासारखे मागे ढकलायचे. उचलून फेकू नका. पुढचा दमायच्या आधी जागा बदला. आधी चेहरा, मग छाती मोकळी करा, तोंडातला बर्फ काढा. श्वास नसेल तर सगळ्यात आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीवर दाब.

आमच्या पहिल्या सरावात, मीटरभर खोल पुरलेली सॅक काढायला सतरा मिनिटं लागली होती. बीकनने चार मिनिटांत जागा सापडली, उरलेली सगळी खणण्यात गेली. आता आठवर आलोय. दर हंगामाच्या पहिल्या दिवशी हेच करतो, मग स्की.

चौघांची गोष्ट

इयन मॅकॅमन यांनी हिमस्खलनाच्या अपघातांचा अभ्यास करून दाखवलं की धोक्याच्या खुणा दिसत असतानाही शिकलेली माणसं त्यात शिरतात. ओळखीचा उतार, कुणाच्या तरी आधीच्या रेघा, ‘एवढे चढलो तर आता’ ही जिद्द, गटातला एक ‘जाणकार’ आणि इतरांनी आपल्याला भित्रं समजू नये ही धडपड. मला शेवटचं सगळ्यात जवळचं वाटतं. त्या दिवशी काठावर मी ‘चल’ म्हणायला निघाले होते, ते उतार ओळखला म्हणून नाही. ताई म्हणणाऱ्याला नाही म्हणायचं जिवावर आलं होतं.

म्हणून आता मर्यादा रात्रीच ठरते आणि डोंगरावर ती फक्त कमी करता येते. नकाराला कारण द्यावं लागत नाही. एकाने ‘नको’ म्हटलं की सगळ्यांचं नको. आणि काठावर पोचल्यावर आधी मोजतो तो धाकटाच. वहीही हल्ली बऱ्याचदा त्याच्याच हातात असते. गेल्या हंगामातली शेवटची नोंद त्याच्या अक्षरात आहे. माझा डोळा २८, त्याचा डोळा ३०, काठी ३१.